रविवारचा सामना वहीत नाही

स्टीफन गावित सरांना व्यसन एकच होतं, फॅन्टसी हॉकीचं. विडी नाही, मोहाची दारू नाही, पत्ते नाहीत. थंडीत टीव्हीवर हॉकीची लीग सुरू झाली की नवापुरातले आठ जण आपापला कागदावरचा संघ बांधायला बसत. खरे खेळाडू खेळणार कुठे लांब परराज्यात, आणि इकडे दोन मास्तर, एक नर्सबाई, एक तलाठी, एसटीचा कंडक्टर चुनीलाल असली मंडळी त्यांनी मारलेले गोल आणि अडवलेले चेंडू मोजून भांडणार. गोलला दहा गुण, गोलरक्षकानं चेंडू थोपवला की तीन, बचाववाल्यानं काढून घेतला की दोन. एक खेळाडू एकाच्याच संघात. पैशाची गोष्ट नाही. जो जिंकेल त्याला बाकीच्या सातांनी कोंबडीचं जेवण घालायचं.

तीन वर्षं ते जेवण सरांनीच खाल्लं. चुनीलालचं म्हणणं असं, की गोल मारतो तोच खेळाडू, बाकीचे हमाल. म्हणून तो आघाडीचे सगळे उचलायचा आणि शेवटी गोलरक्षक म्हणून कुणीतरी लंगडं पदरात पाडून घ्यायचा. सर त्याला समजवायचे, "अरे चुनीलाल, गुण बघू नको. उरलेला बघ." म्हणजे काय, तर आठही जणांनी निवड केल्यावर त्या जागेवर जो कुणालाही सहज मिळेल, तो त्या जागेचा उरलेला. आघाडीचा उरलेला वेगळा, गोलरक्षकातला वेगळा. प्रत्येक खेळाडूच्या गुणांतून त्याच्या जागेचा उरलेला वजा करायचा. जे हातात राहतं ती त्याची खरी किंमत. मग गोलरक्षक आणि आघाडीवाला एकाच यादीत खुशाल लावा. बाजारात वांगी सगळ्यांकडे असतात, त्यासाठी पहाटे धावायचं कारण नाही. अळंबी एकाच म्हातारीच्या टोपलीत असते, आधी तिच्याकडे जावं. हे सर इतक्या वेळा सांगत, की नर्सबाईंनी त्यांचं नावच उरलेले सर ठेवलं होतं.

आता एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. कागदावरच्या खेळानं कुणाचं काही बिघडत नाही.

सरांच्या घरी दोन पोरी होत्या, ग्रेसी आणि लिडिया. धाकट्या भावाच्या, योसेफच्या, जुळ्या. योसेफ आणि त्याची बायको बुधीबाई दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची ती होळीला परत यायची, म्हणून पोरी पहिलीपासून सरांकडे. सरांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. भाकरी, अभ्यास, तापात डोक्यावर पट्ट्या, सगळं सरांनीच केलं. पोरी त्यांना मोठेबाबा म्हणत. हॉकीची स्टिकही त्यांनीच हातात दिली, आणि दोघींनी आपण होऊन फुलबॅकची जागा धरली. गोलरक्षकाच्या पुढ्यातली ती शेवटची भिंत. एक डावीकडे, एक उजवीकडे. एकमेकींकडे न बघता त्यांना एकमेकींचं कळायचं. एक पुढे गेली की दुसरी मागे सरकलेलीच.

गेल्या वर्षी पावसाळ्यात जिल्ह्याच्या मुलींचं शिबिर लागलं. लांबच्या शहरातलं एक क्रीडा वसतिगृह चौघींना घेणार होतं. बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिक्षण, आणि रोज खरं मैदान. अट एकच, प्रवेश घ्यायच्या वर्षी एकतीस डिसेंबरला वय चौदाच्या आत हवं. जुळ्यांचा जन्म जानेवारीतला, तारीख बारा. म्हणजे त्यांच्यासाठी ही पहिली आणि शेवटची संधी.

योसेफ त्या वेळी घरीच होता. भावाच्या ओट्यावर बसून तो खाली मान घालून म्हणाला, "दादा, या पोरींचं झालं तर बरं. नाहीतर आठवीनंतर मी त्यांना घेऊन जाईन. आता हाताशी आल्यात. दोघी मिळून एक कोयता होतो." ऊसतोडीत दोन माणसांच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एक तोडतं, एक मोळी बांधतं.

"माझ्या हातात काय आहे?" सर म्हणाले. "जे आहे ते आकड्यात."

शिबिराचा प्रशिक्षक होता नवनीत पाटील. तापीकाठच्या धानोऱ्याकडचा, शेतीवाडीवाला, मनानं चांगला. पण दरवर्षी निवड झाली की त्याच्या दारात भांडणं. याची वशिल्याची, त्याची जातीची. मागच्या खेपेला एका मास्तरानं आपली भाची घुसवली म्हणून तालुकाभर छी-थू झाली होती. तेव्हा नवनीतला वाटलं, हे गावित सर कागदावर गोलरक्षक आणि आघाडीवाला एकाच मापानं मोजतात, तर अठरा पोरी त्यांनाच मोजू द्याव्यात. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. सरांनी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर हरखलेच ते. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून वहीत एकेक चेंडू टिपायला लागले.

शिबिराच्या संघाचे बाहेरच्या संघांशी अकरा सामने झाले. सरांचा नियम असा, की जे डोळ्यांनी पाहिलं तेच वहीत. ऐकीव काही नाही. दहा सामने त्यांनी पाहिले. अकरावा आला रविवारी सकाळी. रविवारी सकाळी सर कुठे असणार? चर्चमध्ये उपासनेला, पहिल्या बाकावर, दोन्ही बाजूंना दोघी पोरी. नवनीतला ते माहीत होतं. फुलबॅकच्या जागी त्यानं दुसऱ्या दोघी उभ्या केल्या. संध्याकाळी भेटल्यावर म्हणाला, "सर, आज वाट लागनी. सात गोल व्हयनात."

सरांनी हं म्हटलं आणि वहीत त्या सामन्याची ओळ कोरी ठेवली.

मग त्यांनी गणित मांडलं. आघाडीला सात मुली होत्या, चांगल्याही आणि नुसत्या पळणाऱ्याही. तिथली उरलेली वीस गुणांची, पहिली पंच्याहत्तरची. वजा जाता पंचावन्न. गोलरक्षक दोन. शहाद्याची ममता पहिली. तिच्यावर गोल झालेच नव्हते फारसे. दुसरी बिचारी चेंडू आला की डोळे मिटायची. ममताही चढली वर. आणि फुलबॅक? दहाही सामन्यांत त्या जागेवर याच दोघी खेळलेल्या. ग्रेसीचे ब्याण्णव, लिडियाचे अठ्ठ्याऐंशी. अठराजणींत सगळ्यांत जास्त. पण त्या जागेवर वहीत तिसरी कुणी नाहीच, म्हणजे उरलेली कोण ठरणार? दोघींतली कमी गुणांची. ब्याण्णवातून अठ्ठ्याऐंशी गेले, ग्रेसीची किंमत चार. अठ्ठ्याऐंशीतून अठ्ठ्याऐंशी गेले, लिडियाची शून्य.

आता मला सांगा, हातच्या काकणाला आरसा कशाला लागतो? ज्या माणसानं दोघींना रोज पाहिलं, त्याला ते शून्य बघून कळलं नसेल? कळलं. मापाचं चुकतंय कुठेतरी, एकीच्या चांगलेपणात दुसरीचं चांगलेपण वजा होतंय, एवढं त्यांच्यासारख्या माणसाला न कळण्याजोगं नव्हतं. पण मग दुसरा विचार आला. हा आकडा मी हातानं बदलला, आणि बदलून वर आल्या कोण, तर माझ्याच घरच्या पोरी. तालुका काय म्हणेल?

यादी बघून नवनीतनंही विचारलं, "सर, त्या दोन्ही फुलबॅक पोरी इतल्या खाले कश्या? मन्हा डोळासले तं त्याच भारी दिखतस."

"त्या माझ्या भावाच्या आहेत," सर म्हणाले. "त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. गणित सगळ्यांना सारखं."

"बरं, तुम्ही म्हनतस तं तसंच," म्हणून नवनीतनं सही केली. त्याचंही ओझं उतरलं होतं, खोटं कशाला बोला.

आणि वर कडी म्हणजे, उद्या कुणी बोट दाखवू नये म्हणून सरांनी गणिताचा तो आख्खा कागद मैदानावरच्या फळ्यावर चिकटवला. अठरा नावं, गुण, वजाबाकी, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक जागेच्या शेवटच्या मुलीपुढे त्यांनी नेहमीचा शब्द लिहिला होता. फुलबॅकच्या ओळीत लिडियाच्या नावापुढे लिहिलं होतं, उरलेली.

पोरी गर्दी करून वाचत होत्या. निवडलेल्या चौघी नाचत होत्या, त्यात ममताही होती. कुणीतरी लिडियाची ओळ मोठ्यानं वाचली आणि दोघीतिघी हसल्या. वाईट मनानं नाही, पोरीच त्या. ग्रेसी स्टिक घेऊन त्यांच्या अंगावर गेली. लिडिया मात्र कागदासमोर उभी राहून ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मोठेबाबा, उरलेली म्हणजे?"

"अगं, तो गणितातला शब्द आहे. वजाबाकी करायला कुणीतरी एक धरावं लागतं. तुझ्याशी त्याचा काही संबंध नाही."

"पण नाव माझंच आहे ना?"

सर म्हणाले, "तुला कळेल मोठी झाल्यावर." मास्तर लोकांना उत्तर सापडलं नाही की हे वाक्य सापडतं.

लिडियानं त्यानंतर स्टिक हातात घेतली नाही. शाळेत जायची, यायची. हाक मारली की ओ द्यायची. दिवाळी झाली, योसेफचा मुकादम ट्रक घेऊन आला, तेव्हा सर भावाला म्हणाले की पोरींना ठेव इथेच, हॉकी नाही तर नाही, शिकतील तरी. योसेफ लगेच तयार झाला. लिडियाच नको म्हणाली.

"मी आईबरोबर जाते. तिकडे माणसं कमी पडतात म्हणे," ती म्हणाली.

लिडिया जाणार म्हटल्यावर ग्रेसी कशाला थांबते? दोघी ट्रकच्या मागच्या फळीवर चढल्या. सरांनी एका पिशवीत आठवीची पुस्तकं भरून दिली. ट्रक वळला आणि सर घरात आले. संध्याकाळी सवयीनं त्यांनी तिघांचं पीठ मळलं.

त्या वर्षी हॉकीची लीग आली तशी गेली. सर निवडायला बसले खरे, पण चुनीलालनं "सर, गोलरक्षकातला उरलेला कोण हो?" असं विचारल्यावर ते उठून घरी निघून गेले. कोंबडी त्या वर्षी नर्सबाईंनी खाल्ली.

एकतीस जानेवारीला नवनीतचा फोन आला. वसतिगृहाचा प्रशिक्षक ममतावर वैतागला होता. दर सामन्याला पाच पाच, सहा सहा गोल. "तिकडना कोच इचारी ऱ्हायना सर, इतली चांगली पोर म्हनीसन धाडी, मंग हिन्हा पुढे तठे कोन खेळे? त्यास्ले धाडा म्हने, दोन जागा करस." मग हळूच म्हणाला, "मी जन्मतारखा काढ्यात. चौदा पुऱ्या व्हयनात त्यास्ले. आते प्रवेश म्हंजे नियम येत्या एकतीस डिसेंबरना. मी लई इनवन्या कऱ्यात सर. नही म्हनतस."

सरांनी फोन ठेवला आणि वही काढली. रविवारची ती ओळ कोरीच होती. त्यांनी पेन्सिलीनं तिच्यात सात लिहिले. दहा सामन्यांत मिळून संघावर चार गोल झाले होते. ज्या एका सामन्यात जुळ्या नव्हत्या, त्यात सात. ममता तीच, मैदान तेच. त्या दोघींच्या जागी दुसऱ्या कुणी उभं राहिल्यावर काय होतं, हे सांगणारा अख्ख्या शिबिरात एकच सामना झाला, आणि त्या वेळी दोघी सरांच्या डाव्या-उजव्या बाजूला बसून गीत गात होत्या. फुलबॅकच्या जागेची खरी उरलेली त्या दिवशी मैदानावर होती. त्या दिवशी उभ्या राहिलेल्यांना उरलेली धरून सरांनी नवीन वजाबाकी केली. ग्रेसी पहिली आली, लिडिया दुसरी. तिसऱ्या नंबरात आणि त्यांच्यात बरंच अंतर होतं.

त्या रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पहिल्या गाडीनं शहाद्याला गेले, तिथून रिक्षानं पुरुषोत्तमनगरच्या पुढे, जिथे योसेफची टोळी उतरली होती. ऊस अर्धा पडला होता. बुधीबाईनं लांबूनच ओळखून डोक्यावर पदर घेतला. योसेफनं हातातला कोयता खाली ठेवला. जुळ्या त्यांच्यापलीकडच्या सरीत होत्या. ग्रेसी तोडत होती आणि लिडिया मागून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, वळानं मोळ्या बांधत होती. उन्हानं रापून दोघी इतक्या सारख्या दिसत होत्या, की पोटच्या पोरींसारखं वाढवलेल्या माणसाला क्षणभर कोण कोणती ते कळेना.

"लिडिया, इकडे ये गं," ते म्हणाले.

ती आली. हात फडक्याला पुसून समोर बसली. हातांवर पाचटाचे चरे होते. सरांनी वही उघडली आणि एखाद्या परीक्षकासमोर बसावं तसे बोलत सुटले. हा रविवार बघ, हे सात गोल बघ. तुला उरलेली धरलं ते चुकलं. दोघी सारख्याच तोलाच्या, म्हणून एकमेकींना खाऊन बसल्या. हा नवा कागद बघ, तू दुसरी आहेस, अठराजणींत दुसरी. वसतिगृहवाल्यांनीही तुम्हालाच विचारलं होतं. तारीख गेली, ते आता होणार नाही, पण तू उरलेली नव्हतीस, हे तुला सांगायला आलो.

लिडियानं सगळं ऐकून घेतलं. वही हातात घेऊन नवी वजाबाकी बोटानं पडताळून पाहिली. पहिल्यापासून बेरीज-वजाबाकीत हुशार ती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनं वही मिटून त्यांच्या मांडीवर ठेवली. "मोठेबाबा, एक विचारू?"

"विचार ना."

"त्या दहा सामन्यांना तुम्ही खुर्ची टाकून बसला होतात. वही राहू द्या. तुम्हाला दिसलं नव्हतं का आम्ही कशा खेळतो ते?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. चुकलं म्हणता आलं असतं, ते तर ते सकाळपासून म्हणतच होते.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

"मग?"

"तू माझी, म्हणून नाही बोललो. लोक म्हणाले असते, सरांनी घरच्या पोरी घातल्या."

लिडियानं मागे वळून पाहिलं. पलीकडे ग्रेसीनं तोडलेल्या उसाचा ढीग वाढत चालला होता, आणि मोळी बांधायला कुणी नव्हतं.

"आणि मी दुसऱ्या कुणाची असते तर?"

स्टीफन सर या पोरीला सहा वर्षांची असताना घरी घेऊन आले होते. उत्तर त्यांना माहीत होतं, त्याला ना वही लागत होती ना वजाबाकी.

"तर नवनीतशी भांडलो असतो. यादीवर सही होऊ दिली नसती."

लिडियानं मान हलवली, कळलं अशी. ती रागावली नाही. रागावली असती तर सरांना ते सोसलं असतं. ती उठली, फडकं पुन्हा डोक्याला बांधलं आणि म्हणाली, "ग्रेसी थांबलीय, मी जाते. तुम्ही ऊन व्हायच्या आत निघा, मोठेबाबा." मग ती सरीत उतरून बहिणीच्या मागे मोळ्या बांधायला लागली. सर तिथेच बांधावर बसून रडले. योसेफनं त्यांच्याजवळ पाण्याची कळशी आणून ठेवली आणि तोही कामाला गेला.